चार नाटकं, चार प्रयोग की दोन नाटकं, सात प्रयोग? ठाण्यातल्या तरुण नाट्यसंस्थेच्या हंगामाबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात १३ ते २१ वयाच्या २६ मुलामुलींचा गट आहे, संस्थेची नोंदणी झाली आहे आणि येत्या वर्षात दर तीन महिन्यांनी एक अशी चार नवी नाटकं करायची आहेत. गडकरी रंगायतन घ्यावं की शाळेचं सभागृह, खर्च किती धरावा आणि तालमी कधी सुरू कराव्यात?

नाट्यगृह आणि खर्चाकडे येतोच. पण या आराखड्यातली खरी अडचण वेगळी आहे. २६ मुलं कागदावर आहेत, मात्र वर्षातल्या कुठल्याही एका महिन्यात ती सगळी मोकळी नसतात. आणि चार नाटकांचा एकेकच प्रयोग करायचा म्हणजे प्रत्येक वेळी सगळी मेहनत पहिल्या प्रयोगापर्यंत पोचण्यात खर्च होते. पहिल्या प्रयोगात तरुण नट फक्त आठवत असतो: वाक्य, जागा, एंट्री. समोरच्याचं ऐकणं, प्रेक्षक हसल्यावर थांबणं, पडलेला प्रसंग उचलून धरणं हे दुसऱ्या-तिसऱ्या प्रयोगात सुरू होतं. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे. नाटकं दोनच करा आणि त्यांचे मिळून सहा-सात प्रयोग करा.

पैशाच्या अंगानेही हेच बरोबर ठरतं. आकडे तुम्ही तुमचे घाला, मी फक्त हिशोबाची रीत दाखवतो. समजा एका नाटकाच्या उभारणीचा खर्च (नेपथ्य, कपडे, संगीत, तालमीची जागा, लेखकाचं मानधन) ७०,००० रुपये आहे आणि दर प्रयोगाचा खर्च (भाडं, प्रकाश-ध्वनी, रंगभूषा, टेम्पो, खाणं) ३५,००० रुपये. चार नाटकांचे चार प्रयोग केले तर एकूण ४,२०,००० रुपये, म्हणजे प्रयोगामागे १,०५,००० रुपये लागतात. दोन नाटकांचे सात प्रयोग केले तर एकूण ३,८५,००० रुपये, प्रयोगामागे ५५,००० रुपये. एकूण खर्च कमी आणि मुलांना रंगमंचावर उभं राहायला जवळजवळ दुप्पट संधी. यातले काही प्रयोग लहान जागेत केले तर आकडा आणखी खाली येतो.

आता वर्ष कसं कापायचं ते बघू. नाटक निवडण्याआधी २६ जणांचा एक तक्ता करा: इयत्ता, परीक्षांचे महिने, क्लासच्या वेळा, गावाला जाण्याच्या तारखा, दुसऱ्या कुठल्या गटात किंवा पथकात आहे का. ठाण्यात शेवटचा रकाना फार महत्त्वाचा आहे. गोविंदा पथकांचा सराव गुरुपौर्णिमेच्या सुमारास सुरू होतो आणि ढोल-ताशा पथकांच्या तालमी पावसाळाभर चालतात. या पथकांतला मुलगा जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी तुमच्याकडे येणार नाही, आला तरी दमलेला असेल किंवा त्याचा खांदा दुखत असेल. कॉलेजची मुलं त्याच काळात कॉलेजच्या एकांकिकांत अडकतात. त्यांना अडवू नका. तिथे ती बरंच शिकतात आणि परत येताना ते सोबत आणतात. त्या दोन महिन्यांत मोठं नाटक ठेवू नका, एवढंच.

पहिलं नाटक उन्हाळ्यातलं. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा आटोपल्या की लगेच निवड आणि वाचन करा. प्रयोग मात्र मेमध्ये लावू नका, कारण निम्मं ठाणं कोकणात किंवा देशावर गेलेलं असतं आणि तुमचा हक्काचा प्रेक्षक म्हणजे मुलांचे काका-मामा-मावश्या तेच असतात. जूनचा पहिला आणि दुसरा आठवडा योग्य. लोक परतलेले असतात, शाळा साधारण १५ जूनच्या आसपास उघडतात आणि पाऊस अजून पुरता लागलेला नसतो. या नाटकात मोठी पात्रसंख्या ठेवा, कारण सगळ्यात जास्त मुलं याच वेळी मोकळी मिळतात. जूनमध्ये दहावीत किंवा बारावीत जाणाऱ्यांना याच नाटकात भरपूर काम द्या, कारण पुढच्या नाटकात ती नसतील.

दुसरं नाटक हिवाळ्यातलं, आठ-दहा पात्रांचं. वाचन गणपतीनंतर, पण उभ्या तालमी सहामाही आणि सेमिस्टरच्या परीक्षा आटोपल्यावर, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीपासून. दिवाळीच्या मागेपुढेच ५ नोव्हेंबर येतो, मराठी रंगभूमी दिन. १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर'चा प्रयोग केला तो दिवस. जाहीर वाचनासाठी ही तारीख सोयीची आहे. पन्नास माणसं बोलवा, संहिता वाचून दाखवा आणि प्रेक्षक कुठे चुळबुळतात ते पानाच्या समासात लिहून ठेवा. कापाकापीसाठी ही माहिती सोन्यासारखी असते. प्रयोग डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत. इथे एक अडचण ठरलेली आहे: याच दिवसांत शाळांची स्नेहसंमेलनं असतात आणि सभागृहं त्यांनी भरलेली असतात. त्यामुळे हिवाळ्याच्या तारखांच्या मागे पावसाळ्यातच लागावं लागतं. जानेवारीत पूर्वपरीक्षा असल्याने दहावी-बारावीच्या मुलांना या नाटकात भूमिका देऊ नका, तिकीटविक्रीचं किंवा पोस्टरचं घरबसल्या होणारं काम द्या.

तालमीचा हिशोब मी असा धरतो: प्रयोगाच्या एका मिनिटाला एक तास तालीम. नवख्या गटासाठी मध्यंतराशिवाय ७५ ते ८० मिनिटांचं नाटक पुरे, म्हणजे साधारण ८० तास. उन्हाळ्यात आठवड्याला पाच दिवस, रोज तीन तास धरले तर पाच-सहा आठवडे लागतात. हिवाळ्यात आठवड्याला तीनच दिवस मिळत असतील तर नऊ आठवडे. यात वाचनाला दहा-बारा तास, जागा (कोण कुठे उभा राहतो, कुठून कुठे जातो) बसवायला पंचवीसेक, पुस्तक हातातून सुटल्यावर प्रसंगवार कामाला तीस आणि उरलेले सलग तालमींना ठेवा. गट जिथे घसरतो ती जागा शेवटची असते. प्रसंग घोळवण्यात वेळ जातो आणि संपूर्ण नाटक सलग दोनदाच होतं. किमान सहा सलग तालमी हव्यात, त्यातल्या दोन कपडे आणि वस्तूंसह. पाठांतराची तारीख पहिल्याच दिवशी जाहीर करा, आणि त्या तारखेनंतर प्रॉम्प्टर वाक्य देईल पण पुस्तक कुणाच्या हातात दिसणार नाही हा नियम पाळा.

तालमीची खोली सहसा रंगमंचापेक्षा लहान असते. याचा त्रास उशिरा कळतो. पंधरा फुटांच्या खोलीत चार पावलांत उरकणारी एंट्री मोठ्या रंगमंचावर दहा पावलांची होते आणि वाक्य अर्ध्या वाटेत संपून जातं. नाट्यगृहात आधी टेप घेऊन जा: रंगमंचाची उघडी रुंदी, पुढून मागपर्यंतचं अंतर, विंगांमधलं अंतर मोजा. मग आठवड्यातून एकदा सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा शाळेच्या मैदानात खडूने तेवढा चौकोन आखून तालीम करा. जूननंतर पत्र्याच्या शेडमधली जागा घेऊ नका. पाऊस सुरू झाला की एकही वाक्य ऐकू येत नाही.

नाट्यगृहाबद्दल. गडकरी की शाळा, याचं उत्तर नाटक आणि प्रेक्षकसंख्या यांवर अवलंबून आहे. गडकरी रंगायतन तलावपाळीला, स्टेशनपासून जवळ, त्यामुळे डोंबिवली-कल्याणहून येणारा माणूसही पोचतो. डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात मोठ्या प्रेक्षागृहासोबत लहानही आहे आणि तुमच्यासारख्या संस्थेला ते लहान प्रेक्षागृह जास्त कामाचं. घोडबंदर रोडकडच्या कुटुंबांना ते सोयीचं पडतं. नवी मुंबईची मुलं असतील तर एखादा प्रयोग वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात ठेवता येईल. २६ मुलांमागे घरची सहा-सहा माणसं धरली तर १५६ प्रेक्षक होतात. हजारेक खुर्च्यांच्या नाट्यगृहात ते विरळ दिसतात, आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर मुलांचा आवाज आपोआप बसतो. तेच १५६ लहान प्रेक्षागृहात घर भरून टाकतात. म्हणून सात प्रयोगांची वाटणी मी अशी करीन: उन्हाळी नाटकाचे लहान प्रेक्षागृहात दोन आणि मोठ्या नाट्यगृहात एक, हिवाळी नाटकाचे लहान प्रेक्षागृहात दोन आणि शाळेत किंवा मोठ्या गृहसंकुलाच्या क्लबहाउसमध्ये दोन. मोठ्या नाट्यगृहातला प्रयोग कधीही पहिला नको. तो नंतर लावला की तोवर नाटक बसलेलं असतं आणि पाहून गेलेले लोक दुसऱ्यांना सांगत असतात.

रविवार दुपारचा प्रयोग लावत असाल तर लोकलचा मेगाब्लॉक लक्षात घ्या. तो साधारण सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान असतो. सेट लावणारी मुलं ट्रान्स-हार्बरने (नवी मुंबईहून ठाण्याला येणाऱ्या लोकलने) येणार असतील तर त्यांना दहाच्या आत ठाण्यात पोचवा. शनिवार संध्याकाळ या बाबतीत निर्धोक.

सत्राच्या वेळेचा नीट विचार करा. नाट्यगृह तुम्हाला चार-पाच तासांसाठी मिळतं असं धरलं, तर त्यात सेट लावायला सव्वा तास, प्रकाश लावून दिशा देण्यात एक तास, ध्वनी तपासणीला वीस मिनिटं, प्रेक्षक आत घ्यायला अर्धा तास, प्रयोग ऐंशी मिनिटं आणि सेट काढायला पाऊण तास. बेरीज पाच तासांच्या पलीकडे जाते. म्हणजे त्या दिवशी रंगीत तालमीला जागाच नाही. दोनच मार्ग आहेत. एक तर सलग दोन सत्रं घ्या, नाहीतर रंगीत तालीम आदल्या दिवशी शाळेच्या सभागृहात पूर्ण सेटसह करा आणि प्रयोगाच्या दिवशी फक्त प्रकाशबदलाच्या जागा धावत्या करून घ्या. पहिल्या प्रयोगासाठी दोन सत्रांचे पैसे खर्च करावेत असं माझं ठाम मत आहे. छपाईत वाचवा, इथे नको.

नेपथ्य दोन्ही नाटकांना मिळून एकच साठा ठेवा: सहा लेव्हल (उंची देणारे लाकडी चौथरे, चार बाय चार फूट, उंची तीन बारा इंची आणि तीन अठरा इंची), सहा फ्लॅट (भिंतीसारख्या उभ्या करायच्या चौकटी), दोन बाकं, चार ठोकळे. सगळं छोट्या हत्तीत (लहान टेम्पोत) मावलं पाहिजे. त्याचा हौदा लांबीला सात फुटांच्या किंचित वर आणि रुंदीला पाच फुटांच्या आत असतो. आठ फुटी फ्लॅट मागे जवळजवळ फूटभर बाहेर येतात, म्हणून फ्लॅट सात फुटांचेच करा किंवा बिजागरीने मधोमध दुमडणारे करा. अख्खं प्लायवूड वापरलं की फ्लॅट जड होतात. दोन बाय एक इंची पट्ट्यांच्या चौकटीवर मांजरपाट ताणून रंगवलेले फ्लॅट दोन मुलं सहज उचलतात. रंग पोस्टर कलर नको, जूनच्या पहिल्याच सरीत ओघळतो. ॲक्रिलिक इमल्शन वापरा आणि ताडपत्री टेम्पोतच ठेवा. लेव्हलवर सतरंजी किंवा जुनं कार्पेट खिळवून घ्या. पोकळ लेव्हलवरच्या प्रत्येक पावलाचा दणका रंगमंचावरचे माइक उचलतात आणि मागच्या रांगेला संवादाऐवजी पावलं ऐकू जातात.

प्रकाशयोजनेत नवे गट उपकरणं वाढवतात, बदल मात्र नीट बसवत नाहीत. रंगमंचाचे तीन भाग करा. प्रत्येक भागावर समोरून दोन दिवे, दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांत, आणि मागून एक. हे नऊ झाले. वर दोन बाजूचे आणि मागच्या पडद्यासाठी दोन-तीन. ८० मिनिटांच्या नाटकाला पंचवीस-तीस बदलांपेक्षा जास्त नकोत. प्रत्येक बदलाची नोंद क्यू-शीटवर अशी हवी: क्रमांक, पान, ज्या शब्दावर बदल होतो ते वाक्य, काय बदलतं, किती सेकंदांत. स्वस्त एलईडी दिवे शेवटच्या टप्प्यात हळू मंद होत नाहीत, पायऱ्या पडल्यासारखे झटके देतात. हळुवार काळोख हवा असेल तर तेवढे दोन दिवे हॅलोजनचे घ्या, नाहीतर सरळ झटक्यात काळोख करा. शाळेत किंवा क्लबहाउसमध्ये वीज हा खरा प्रश्न असतो. एक हजार वॉटचा दिवा २३० व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर घेतो. १६ अँपिअरच्या प्लगवर असे तीनच लावायचे, चौथा नाही. ध्वनियंत्रणा वेगळ्या सर्किटवर ठेवा. काळोखात हलणाऱ्या मुलांसाठी लेव्हलच्या कडांना आणि पायऱ्यांना रेडियम टेप लावा.

या वयाच्या नटांबाबत एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. तेरा-चौदाच्या मुलाचा आवाज सहा महिन्यांत फुटू शकतो आणि उंचीही झपाट्याने वाढते. एखाद्या नाटकाचे प्रयोग जूनपासून पुढे लांबवणार असाल तर गाण्याचं काम त्या वयाच्या मुलावर एकट्यावर ठेवू नका, दोघा-तिघांत वाटा आणि पट्टी खाली घेता येईल असं संगीत बसवा. कपडे शिवताना बाह्यांत आणि पॅन्टच्या पायांत तीन इंच कापड आत दुमडून ठेवायला सांगा. मुख्य दोन-तीन भूमिकांना बदली नट तयार ठेवा आणि किमान एक सलग तालीम त्यांच्यासह करा. नुसतं पाठांतर असलेला बदली नट प्रयोगात उपयोगी पडत नाही, कारण त्याला जागा माहीत नसतात.

कागदपत्रांत दोन गोष्टी आधी. पहिली, संहिता. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मुलांकडून उत्स्फूर्त प्रसंग करून घेऊन नाटक बांधणार असाल तर हेच अडतं, कारण शेवटच्या आठवड्यापर्यंत लिखित संहिताच तयार नसते. अशा नाटकाची संहिता प्रयोगाच्या दोन महिने आधी गोठवा आणि लगेच पाठवा. दुसरी, हक्क. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. मूळ परदेशी नाटक जुनं असल्याने मोकळं असलं तरी त्याचा मराठी अनुवाद मोकळा असतोच असं नाही, अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. शाळेने फक्त आपले विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुढे केलेल्या प्रयोगाला कायद्यात सवलत आहे, पण तुम्ही तिकीट लावून बाहेरच्यांना बोलावणारी संस्था आहात, ती सवलत तुम्हाला लागू नाही. चित्रपटगीतं वापरायच्या ऐवजी गटातल्याच कुणाकडून पेटी, तबला, गिटारवर संगीत करून घ्या. स्वस्त पडतं आणि नाटकाला स्वतःचा आवाज मिळतो.

अठराखालच्या प्रत्येकासाठी पालकांचं लेखी संमतीपत्र घ्या आणि त्यातच तालीम सुटायची वेळ लिहा. तालमीत नेहमी दोन प्रौढ हजर, त्यांत एक स्त्री. कपडे बदलायला मुलं आणि मुली स्वतंत्र खोल्यांत, आणि त्या खोल्यांत फोन नेण्यास बंदी. चौदाखालच्या बालकलाकारांसाठी दृक्-श्राव्य माध्यमांच्या नियमांत दिवसाला पाच तास आणि सलग तीन तास अशी मर्यादा आहे. नाटकाच्या तालमीतही मी तेच माप पाळतो. प्रयोगानंतर सेट काढणं आणि टेम्पो भरणं अठरावरच्यांचं काम. लहानांना पडदा पडल्यावर अर्ध्या तासात पालकांच्या ताब्यात द्या आणि यादीवर सही घ्या.

तिकिटाबद्दल एवढंच: पहिला प्रयोग नातेवाइकांनी भरतो, दुसरा भरत नाही. म्हणून दोन प्रयोगांत तीन ते सात दिवसांचं अंतर ठेवा, पहिल्याला आलेल्या प्रत्येकाला दुसऱ्याचं सवलतीचं तिकीट द्या, ते दुसऱ्या कुणालाही देता येईल असं. वर धरलेल्या आकड्यांत १५० रुपयांची २३४ तिकिटं खपली की एका प्रयोगाचा चालू खर्च निघतो. उभारणीचा खर्च तिकिटांतून निघेल असं धरू नका. तो सभासद वर्गणी, उन्हाळी शिबिराची फी आणि स्मरणिकेतल्या जाहिराती यांतून आधी जमवा, आणि जमला नाही तर हिवाळी नाटक दोन बाकं आणि चार ठोकळ्यांवर करा. ते कमी दर्जाचं होत नाही.

पालिकेच्या नाट्यगृहांत ठरलेली तारीख शासकीय कार्यक्रमासाठी किंवा निवडणुकीच्या कामासाठी हातची जाऊ शकते. तारीख घेतानाच पर्यायी तारखेची विनंती अर्जात लिहा आणि पोस्टर छापण्याआधी पुन्हा खात्री करा. तुमच्या २६ जणांत दहावी-बारावीची किती, आणि पथकांत किती, हे कळवलंत तर कुणाला कुठल्या नाटकात ठेवायचं ते नेमकं सांगता येईल.